शेत लाल, शहर निळसर, मग तापलंय कोण?

जाधव सर,

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी मोघम नाही. तुम्ही स्वतः गाडी काढून फिरलात, उपग्रहाचा नकाशा शोधलात. ‘काहीही लिहिता राव’ एवढंच टाकून निघून जाणाऱ्यांपेक्षा हे कधीही बरं. म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर लिहितो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एप्रिलमधल्या निरभ्र रात्री कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आणि शिवाजी पुलापलीकडे वडणगे फाट्याच्या उसात तीनेक अंशांचा फरक पडतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर जाधव सरांचं म्हणणं असं. दुपारी दोनला ते गाडीनं फिरले, डॅशबोर्डवर महाद्वारला 39, राजारामपुरीत 39 आणि वडणग्यात चक्क 40. उपग्रहाच्या नकाशात शहराभोवतीची शेतं लालभडक आणि शहर त्यामानानं निळसर. मोबाईलवर सगळीकडे एकच आकडा. ‘उष्णतेचं बेट’ (म्हणजे भोवतालच्या रानापेक्षा जास्त गरम राहणारं शहर) वगैरे मुंबई-दिल्लीचं दुखणं, कोल्हापूरला कुठलं? गारवा हवा तर पन्हाळ्याला जावं, तिथं तो उंचीमुळं असतो. आणि शेवटी, ‘तुम्हा झाडवाल्यांना रस्ते रुंद झालेले बघवत नाहीत.’

दुपारच्या आकड्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ते तसेच यायला पाहिजेत. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाचा औषधांचा व्यापारी होता, ढगांना आज आपण वापरतो ती लॅटिन नावं देणारा. त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात आणि बाहेर वर्षानुवर्षं तापमान मोजलं आणि नोंदवून ठेवलं, की रात्री शहर बाहेरच्यापेक्षा 3.70 अंश फॅरनहाइटनं गरम, आणि दिवसा 0.34 अंशानं गार. सेल्सिअसमध्ये रात्रीचा फरक दोन अंशांच्या थोडा वर, दिवसाचा जवळजवळ नाहीच. म्हणजे तुम्हाला दुपारी जे दिसलं तेच त्याला दोनशे वर्षांपूर्वी दिसलं होतं. त्यानं रात्रीही मोजलं, एवढाच फरक.

दुपारी असं का होतं, हे महाद्वारजवळच्या गुजरीच्या बोळात उभं राहिलं की कळतं. दोन्ही अंगाला दोन-तीन मजले, त्यामुळं ऊन जमिनीपर्यंत पोचतं ते जेमतेम तास-दोन तास. सावलीतला बोळ आणि उघडं रान यांत दोन वाजता रानच जास्त तापणार. पण बोळावर न पडलेलं ऊन जातं कुठं? ते पडतं वरच्या स्लॅबवर, पत्र्यावर, पश्चिमेच्या भिंतीवर. पत्रा तापतो आणि लगेच निवतो. स्लॅब आणि वीट तसं करत नाहीत. गुऱ्हाळातलं चुलवाण आठवा. जाळ घालायचं थांबवून, काहिल उतरवून किती वेळ झाला तरी त्या विटांजवळ बसवत नाही. आपली घरं दिवसभर तशीच भरत राहतात आणि दिवेलागणीनंतर रिकामी व्हायला लागतात. रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, तो गादी घेऊन गच्चीवर गेलेला असतो.

त्यात आणखी एक गोम आहे. तापलेली जमीन रात्री आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडते. वडणग्याच्या रानात जमिनीला आख्खं आकाश मोकळं असतं. गुजरीत मान वर केली तर दोन कौलांमधून दिसते ती पट्टी, तेवढंच. बाकी उष्णता या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून परत. दुपारी ज्या अरुंदपणानं सावली दिली, तोच रात्री उष्णता कोंडून ठेवतो. त्यात वारा आत शिरत नाही, आणि एसीची बाहेरची पेटी आत उपसलेली उष्णता गल्लीतच टाकते, वर स्वतःला लागलेल्या विजेचीही. उद्यमनगरातल्या भट्ट्यांचं तर बोलायलाच नको.

आता तुमचा नकाशा. हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे, त्यामुळं इथं जरा थांबतो.

लँडसॅटसारखे उपग्रह आपल्यावरून जातात ते सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला. त्यांना हवेचं तापमान दिसत नाही, पृष्ठभागाचं दिसतं. माती, डांबर, पत्रा, पान, जे काही वर उघडं असेल त्याचं. आता एप्रिलमध्ये आपल्याकडं शेतात काय असतं? हंगाम संपलेला, ऊस गेलेला. कुणी पाचट पेटवून दिलेलं, त्यामुळं रान काळंठिक्कर. कुणी नांगरून ढेकळं वर काढलेली. अशी कोरडी, काळी, उघडी जमीन सकाळी दहालाच तापून निघते, कारण उडून जायला तिच्यात पाणीच नाही. उपग्रहाला ती लाल दिसली तर त्यात नवल कसलं? उन्हाळ्यात दिवसा शहर भोवतालच्या रानापेक्षा थंड दिसणं हे भारतातल्या बऱ्याच शहरांच्या उपग्रह-नोंदींत आढळलं आहे. पण बांधापलीकडं पाहा. तिथं कुणाची तरी आडसाली उभी असते, म्हणजे गेल्या जुलै-ऑगस्टला केलेली उसाची लागण, आता डोक्याच्या वर गेलेली, पाटाचं पाणी चालू. तो तुकडा नकाशात थंड यायला हवा. लाल आणि निळा यांच्यामध्ये फक्त एक बांध. फरक किती कमी अंतरावर पडू शकतो याचा पुरावा तुम्हीच मला पाठवलाय की! अडचण एवढीच, की लँडसॅटचा उष्णता मोजणारा ठिपका शंभर मीटरचा, म्हणजे अडीच एकराचा. आपल्याकडच्या गुंठ्यांच्या हिशेबात एका ठिपक्यात चार जणांची रानं आणि एक विहीर येते, सगळ्यांची सरासरी होऊन रंग उमटतो.

त्या आडसालीचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता म्हणजे सातशे वॅटची शेगडी तासभर चालवावी तेवढी. भर उन्हाळ्यात पाणी मिळालेला उभा ऊस दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी हवेत सोडतो, एकराला वीसएक हजार लिटर. विजेच्या भाषेत तेरा-साडेतेरा हजार युनिट उष्णता एका दिवसात वाफेत जाते. दीड टनाचा एसी दहा तास पूर्ण जोरात चालला तर खोलीतून पन्नासएक युनिट बाहेर काढतो. म्हणजे एक एकर ऊस अडीचशे एसींचं काम करतो. (उसाच्या पाण्यावरून कुणी भांडायला येण्याआधी सांगतो: हा उसाचा प्रचार नाही. पाणी पिणारं कुठलंही पीक, कुठलंही मोठं झाड हेच करतं. शिवाय ती वाफ हवेतच राहते, त्यामुळं उसाजवळ आकडा कमी दिसला तरी घाम वाळत नाही.)

मोबाईलच्या आकड्याचं उत्तर सोपं आहे. त्या ॲपसाठी तुमच्या गल्लीत कुणी तापमापक टांगलेला नसतो. आकडा संगणकावरच्या हवामानाच्या गणितातून येतो, आणि ते गणित पृथ्वीचे चौकोन पाडून केलेलं असतं. युरोपचं नावाजलेलं जागतिक मॉडेल साधारण 9 किलोमीटरच्या चौकोनाचं, म्हणजे 81 चौरस किलोमीटर. आपली महानगरपालिका 66.82 चौरस किलोमीटर. हद्दवाढीच्या नावानं इतकी वर्षं भांडतोय, पण या बाबतीत सोय झाली, अख्खं शहर एका चौकोनात मावतं! पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं भारत फोरकास्ट सिस्टीम हे मॉडेल 2025 च्या मे महिन्यात आलं, ते 6 किलोमीटरचं. त्यातही शहराच्या वाट्याला दोन-तीन चौकोन येतील. गुजरी वेगळी आणि ताराबाई पार्क वेगळा, हे त्यात दिसणारच नाही.

शहर लहान आहे म्हणालात. 2011 च्या जनगणनेत आपण साडेपाच लाखांच्या आसपास होतो. हॉवर्डच्या लंडनमध्ये दहा-बारा लाख लोक, ना काँक्रीट, ना एसी, ना मोटारी. कॅनडात शहरांच्या हवामानाचे अभ्यासक टी. आर. ओक यांनी सेंट लॉरेन्स नदीकाठची लहानमोठी गावं घेऊन हेच तपासलं आणि 1973 मध्ये मांडलं. शांत, निरभ्र रात्री हजारभर वस्तीच्या गावातही दोनेक अंशांचा फरक येतो, असं त्यात दिसतं. मग आपली पेठ कशी सुटेल?

पन्हाळ्याचं खरं आहे. किल्ला आपल्यापेक्षा चारशे मीटर उंच, तेवढ्या उंचीला अडीच ते चार अंश कमी होतात. पण मग तोच नियम लावून बघा. शिवाजी पुलाकडं तुम्ही उतरता, चढत नाही. उंचीच्या हिशेबानं नदीकाठी किंचित जास्त उकडायला पाहिजे. पूल ओलांडून उसाची रानं लागली की रात्री दुचाकीवर हाताच्या केसांना गार लागतं, ते कशानं? गार हवा जड असते, ती रात्री खोलगटात उतरून साचते. हिवाळ्यात पहाटे पंचगंगेच्या पात्रावर धुकं बसलेलं असतं आणि वर जोतिबाला लख्ख चांदणं, ते यामुळंच.

रस्ते रुंद करायला माझा विरोध नाही. रुंद रस्त्याला आकाश जास्त दिसतं, रात्री तो लवकर निवतो, हे वरच्याच हिशेबातून निघतं. माझं भांडण आहे ते रस्ता रुंद करताना दोन्हीकडची झाडं काढून दुभाजकात शोभेची झुडपं लावण्याशी. लावायचंच तर पश्चिमेच्या भिंतींवर तिसऱ्या प्रहरी सावली पडेल असं झाड लावा. आणि गच्चीवर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात मारा. अहमदाबादनं 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढं गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवायला घेतली. त्यात अवघड काही नाही, आपल्याकडं चुना मिळतोच.

आता तुम्ही परत फिरणार असाल, आणि फिराच, तर गाडीच्या डॅशबोर्डवर जाऊ नका. त्याचा सेन्सर पुढच्या बंपरच्या आसपास असतो. सिग्नलला गाडी उभी राहिली की तो इंजिनाची आणि डांबराची उष्णता मोजतो. साधा तापमापक घ्या, जमिनीपासून चार फुटांवर, भिंतीला न टेकवता, हवा खेळेल असा टांगा. वेधशाळेतली झडपांची पांढरी पेटी त्याच उंचीवर असते. दहा मिनिटं तरी थांबा, तापमापकाला निवायला वेळ द्या. हातात धरून बघत बसाल तर हाताचं तापमान येईल. आणि जायचं ते रात्री दहानंतर, वारा पडलेला असताना. वळीव पडून गेला असेल किंवा आभाळ भरलेलं असेल त्या रात्री जाऊ नका. ढगांखाली रानही आकाशाकडं उष्णता सोडू शकत नाही, आणि मग वडणगे आणि गुजरी सारखेच निघतील, अन् तुम्ही पुन्हा मला प्रतिक्रिया लिहाल.