खदीजांना साक्षीला बोलावण्याआधी

पैगंबर मुहंमदांच्या पहिल्या पत्नी खदीजांबद्दल एक मजकूर पुन्हा फिरतो आहे: 'मक्केतल्या खदीजा इस्लामच्या आधीच मोठ्या व्यापारी होत्या. लग्नाची मागणी त्यांनीच घातली. म्हणजे तेव्हा अरब बायका मोकळ्या होत्या. इस्लाम आला आणि खदीजाही घरात बसल्या.'

व्यापार आणि मागणी, दोन्ही खरं. मक्केतल्या कुरैश टोळीच्या बनू असद कुळातल्या या विधवा नफ्यातल्या वाट्यावर माणसं नेमून शामकडे, म्हणजे सीरियाच्या बाजूला, माल धाडत. तसेच एकदा मुहंमद गेले. सोबतच्या मैसरा या नोकराने परतल्यावर त्यांची सचोटी सांगितली आणि नफीसा नावाच्या बाईमार्फत मागणी गेली. साल साधारण ५९५. (खदीजांचं वय बहुतेक जण चाळीस सांगतात, अठ्ठावीस सांगणारी परंपराही जुनीच.)

पण एका श्रीमंत विधवेवरून सगळ्या बायकांचा हिशेब कसा मांडायचा? जिवंत पुरलेल्या मुलीचा उल्लेख कुरआनात आहे. बायकांना जबरदस्तीने वारशात घेऊ नका, असंही त्यात बजावलं आहे. नसलेल्या चालीला कोणी मनाई करत नाही.

'घरात बसल्या' हे तर साफ खोटं. ६१० साली पहिला साक्षात्कार होऊन हिरा गुहेतून पैगंबर थरथरत आले तेव्हा त्यांना पांघरूण घालून धीर देणाऱ्या, धर्मग्रंथ जाणणाऱ्या आपल्या चुलतभावाकडे, वरका बिन नौफलकडे, नेणाऱ्या आणि सर्वांत आधी विश्वास ठेवणाऱ्या याच. पुढे कुरैशांनी पैगंबरांच्या बनू हाशिम कुळावर बहिष्कार घातला. त्या दिवसांत आत्या खदीजांकडे गहू घेऊन निघालेल्या हकीम बिन हिझाम या भाच्याला पैगंबरांचा कट्टर विरोधक अबू जहलने वाटेत अडवलं होतं. ६१९ मध्ये खदीजा वारल्या. पडद्याच्या आयती, म्हणजे कुरआनातली वचनं, त्यानंतर काही वर्षांनी, मदिनेत आल्या. त्यांवर वाद घाला, जरूर घाला. पण त्यात खदीजांना ओढू नका.

याच मजकुराचं उलटं भावंडही फिरतं: 'इस्लामने बायकांना व्यापाराचा हक्क दिला, पुरावा खदीजा.' अहो, ती पेढी आधीचीच!

आणि त्या विस्मरणात गेल्या म्हणावं, तर त्या हयात असेतो पैगंबरांनी दुसरं लग्न केलं नाही. मक्केच्या कुरैशांशी झालेल्या बद्रच्या लढाईनंतर, म्हणजे ६२४ मध्ये, मुलगी झैनबने मुसलमानांच्या कैदेतल्या नवऱ्याच्या सुटकेसाठी एक हार पाठवला. तो तिला लग्नात आईने दिलेला. हार पाहून पैगंबरांना गलबलून आलं. सोबत्यांना विचारून त्यांनी जावयाला सोडलं आणि हार परत धाडला.