फायर ब्लाइट : फवारणी केव्हा आणि कात्री केव्हा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सप्रेम नमस्कार.

सफरचंदावरील फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाविषयीच्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. शेंडे करपलेले दिसत असताना स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक फवारू नका, असे सांगणे आपल्याला बेजबाबदारपणाचे वाटते, कारण डाळिंबावरील तेल्या रोगासाठी आपण ते अनेक वर्षे वापरत आला आहात. रोगट फांदी छाटताना खुंटी (फांदीचा आखूड तुकडा) राखणे म्हणजे रोगाला आसरा देणे, असे आपले म्हणणे आहे. शिवाय प्रत्येक कापानंतर कात्री निर्जंतुक करण्यावर मी भर दिलेला नाही, हेही आपल्याला खटकले आहे. तिन्ही बाबतींत माझे मत कायम आहे. त्यामागची कारणे देतो.

तेल्याही जिवाणूजन्यच आहे, परंतु त्याचे डाग मुख्यतः पानांवर, फळांवर आणि फांद्यांच्या पृष्ठभागावर उठतात. फायर ब्लाइटचा जिवाणू एर्विनिया अमायलोव्होरा मात्र फुलातून आत शिरतो आणि सालीखालून फांदीत उतरत जातो. जुन्या व्रणांच्या कडेला हिवाळा काढलेले जिवाणू वसंतात चिकट स्रावाबरोबर बाहेर येतात, पाऊस आणि कीटक त्यांना फुलांपर्यंत नेतात, आणि पुढे एका फुलावरून दुसऱ्यावर पोहोचवण्याचे काम मधमाश्या करतात. उबदार हवेत फुलाच्या कुक्षीवर (परागकण झेलणाऱ्या टोकावर) त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. मग लागण होण्यासाठी पावसाने किंवा दाट दवाने ते मधुग्रंथींपर्यंत धुऊन जाणे एवढेच बाकी राहते. स्ट्रेप्टोमायसिन कुक्षीवरील ही वाढ रोखते, म्हणून फुले उमललेली असताना, ओल येण्याच्या आधी किंवा नंतर साधारण २४ तासांच्या आत ते फवारले तर उपयोग होतो. शेंडा छत्रीच्या मुठीसारखा वाकलेला दिसतो तेव्हा जिवाणू फांदीच्या आत असतात आणि तेथवर हे औषध पुरेसे पोहोचत नाही. अपवाद गारपिटीचा : ताज्या जखमांवर तातडीने केलेली एक फवारणी समर्थनीय आहे. एरवी अवेळी फवारण्या करत राहिल्याने प्रतिकारक्षम जिवाणूच निवडले जातात. कॅलिफोर्नियातील नासपतीच्या बागांत १९७१ मध्येच असे जिवाणू आढळले आणि पुढे मिशिगन व वॉशिंग्टनमध्येही.

खुंटीबद्दल. दिसणाऱ्या करपलेल्या भागाच्या बऱ्याच पुढे, निरोगी भासणाऱ्या लाकडातही जिवाणू असतात. त्यामुळे २० ते ३० सेंटिमीटर खाली कापले तरी कापाच्या तोंडाशी लहानसा व्रण बहुधा होतोच. फांदी मुळाशी घासून कापली तर हा व्रण खोडावर किंवा मुख्य फांदीवर होतो आणि पुढच्या वसंतात तेथूनच स्राव सुरू होतो. दोन वर्षे जुन्या लाकडात १० ते १२ सेंटिमीटरची खुंटी ठेवली तर व्रण त्या खुंटीत राहतो आणि हिवाळ्यात, झाड सुप्त असताना, खुंटीसकट काढून टाकता येतो. अमेरिकेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ पॉल स्टायनर यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला आणि तिला त्यांनी ‘कुरूप खुंटी’ असेच नाव दिले. दिसायला ती खरोखरच ओंगळ असते.

कात्रीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. जिवाणू आधीच आत असतील तर पाते ब्लीचमध्ये बुडवून तो व्रण टळत नाही. बुडवायला हरकत नाही, फक्त त्यात वेळ घालवून अर्धी झाडे छाटायची राहू नयेत. कोरडा दिवस निवडणे अधिक महत्त्वाचे.

आपल्या चिरंजीवांच्या मिशिगनमधील परसातील झाडांबद्दल आपण विचारले आहे. ती कोणत्या खुंटावर (कलमाखालच्या मुळे असलेल्या भागावर) बांधलेली कलमे आहेत, हे त्यांनी आधी पाहावे. एम.९ आणि एम.२६ हे ठेंगणे खुंट या रोगाला फार लवकर बळी पडतात, आणि संसर्ग खुंटात उतरला की संपूर्ण झाड मरते. मे २००० मध्ये नैर्ऋत्य मिशिगनमध्ये दोन लाखांहून अधिक झाडे गेली, त्यांत अशा खुंटांवरील कोवळ्या बागांचा मोठा वाटा होता. झाडे तरुण असतील तर करपलेला शेंडा दिसताच छाटावा, खुंटावरचे धुमारे काढावेत आणि नत्रयुक्त खत यंदा देऊच नये, कारण जोमदार कोवळी फूट हेच या जिवाणूचे आवडते खाद्य आहे. रोग मुख्य खोडात उतरलेला असेल, तर ते झाड उपटून टाकणे मी पसंत करेन. नवे झाड लावताना जी.४१ किंवा जी.९३५ या ‘जिनिव्हा’ नावाच्या मालिकेतील खुंटांवरील कलम मागावे. त्यामुळे वरच्या फांद्या वाचतीलच असे नाही, पण खुंट सहसा वाचतो.