खुलासा: सोया पेय चहात फाटतं म्हणून ते बनावट ठरत नाही

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "सोया दूध चहात फाटतं, पाकिटावर 'दूध' असंही लिहिलेलं नसतं, म्हणजे ते केमिकल आहे." ही माहिती चुकीची आहे.

'दूध' हा शब्द नियमानुसार जनावरांच्या दुधासाठी राखीव आहे, म्हणून पाकिटावर 'सोया बेव्हरेज' छापतात. यात लपवाछपवी काही नाही.

फाटण्याचं कारण सोयाबीनचं प्रथिन. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की ते साकळतं. टोफूही लिंबाचा रस किंवा क्षार घालून असाच करतात. कोरा चहा किंचित आम्लधर्मी असतो. त्यात फ्रिजमधलं थंड पेय ओतलं की लगेच पांढऱ्या कण्या तरंगतात. कच्चं आलं दुधात घातलं तर म्हशीचं दूधही फाटतं, त्याला कोणी बनावट म्हणत नाही.

चहा वेगळा उकळून गाळा, दोन मिनिटं निवू द्या. पेय दुसऱ्या पातेल्यात वाफ येईपर्यंतच तापवा. कपात आधी पेय, मग चहा बारीक धारेनं, ढवळत.

काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची. 200 मिली सोया पेयात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात, बदामाच्या पेयात बहुधा जेमतेम 1. पाकिटामागचा तक्ता वाचा. वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी यांतलं कुठलंही पेय देऊ नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.