पहिला सीनच कापला, मग दाखवलात तरी काय?

आत्ताच घरी आलेय, हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

इथल्या एका फिल्म क्लबने आज 'हॅपी टुगेदर' लावला. हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाय, त्याचा, 1997 चा, कान्सला त्याला बेस्ट डिरेक्टर मिळालं तो. आणि आयोजकांनी पहिला सीन चक्क उडवला. "जरा ऑकवर्ड आहे, फॅमिली ऑडियन्स असतो" म्हणे. अहो मग दुसरा सिनेमा लावा की!

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: हाँगकाँगचे दोन पुरुष, लाय आणि पो-विंग. सारखं तुटतं, मग पो-विंग येऊन म्हणतो चल परत पहिल्यापासून, आणि लाय विरघळतो. असंच अर्जेंटिनाला जातात, इग्वासूचा धबधबा बघायला निघतात, रस्ता चुकतात, तिथेच फाटतं. सुरुवातीला दोघांचा बेडवरचा सीन आहे, ब्लॅक अँड व्हाइट, धसमुसळा, अजिबात गुलाबी नाही. तसे ते परत दिसतच नाहीत. पुढे दीड तास जे हरवलंय ते हेच आहे ना, तेच कापलं तर लोकांना कळणार कसं काय गेलं ते?

नंतर पो-विंग मार खाऊन येतो, दोन्ही हातांना बँडेज. लाय त्याला भरवतो, अंग पुसतो, पण शेजारी झोपू देत नाही. एकदा तर लायलाच ताप, तरी ब्लँकेट गुंडाळून स्वयंपाक करतोय कारण साहेबांना भूक लागलीये. आणि म्हणतो काय, तर तो लवकर बरा होऊ नये असं वाटायचं, तेच आमचे सुखाचे दिवस.

इथे मी ढसाढसा रडते. कारण माझ्याकडे पण एक प्लॅस्टर आहे. त्याची बाइक घसरली होती, उजवा हात गळ्यात. वरणभात कालवून मी भरवायचे. शर्टाची बटणं मी लावायचे, वरून खाली, आणि तिसऱ्या बटणापाशी त्याचा श्वास माझ्या कपाळावर यायचा. बाकी आमच्यात जे काही झालं ते पुसट झालंय, बटणं नाही.

बाहेर चहा पिताना एक मैत्रीण म्हणाली, लाय पासपोर्ट लपवून ठेवतो, टॉक्सिक आहे गं. आहे ना, कोण नाही म्हणतंय. पण प्लॅस्टर कापलं त्या दिवशी त्याचा तो बारीक, पांढराफटक झालेला हात स्वतःचं बटण लावायला लागला आणि मला सरळ वाईट वाटलं, आता मला पण टॉक्सिक म्हण.

खरा राग वेगळाच आहे. 2018 ला कलम 377 चा निकाल लागला, समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत, तेव्हा याच मंडळींनी सप्तरंगी डीपी लावले होते. आज लाय टेपरेकॉर्डर तोंडाशी धरून रडला तेव्हा अख्खा हॉल च्च च्च करत होता. म्हणजे दोन पुरुषांनी एकमेकांसाठी झुरलेलं चालतं, रडलेलं तर फारच चालतं, फक्त एकमेकांना हात लावायचा नाही. मान्य, एक बाई लहान मुलाला घेऊन आल्या होत्या. मग दारावर सांगा, मोठ्यांचा सिनेमा आहे म्हणून.

जाऊ दे. रविवारी संध्याकाळी माझ्याकडे या, पूर्ण लावते. चहा मी करेन, भजी कोणीतरी आणा.

आणि नाही, त्याला बोलावलेलं नाहीये. कमेंटमध्ये विचारू नका.