डिपॉझिटबद्दलची तुमची तक्रार खरी आहे

नमस्कार.

तुम्ही रिव्ह्यूत आमच्या ऑफिसला एक तारा दिलात आणि लिहिलंत, "काकू मराठी आहेत म्हणून विश्वास ठेवला. वर्षभर डिपॉझिट कुठल्याच स्कीममध्ये नव्हतं. विचारलं तर ऑफिस म्हणतं घरमालकाशी बोला. वर ३४० पाउंड कापले. आता तिप्पट द्या." घरं भाड्याने लावून देणारं लेस्टरमधलं हे एजंट ऑफिस मी चालवते, त्या काकू मीच, म्हणून उत्तर मीच देते आहे. (स्कीम म्हणजे भाडेकरूचं डिपॉझिट सुरक्षित ठेवणारी सरकारमान्य योजना.) ऑफिसात आलात की एरवी मी तुम्हाला 'तू'च म्हणते. इथे 'तुम्ही' म्हणते, कारण हा पैशांचा हिशेब आहे आणि त्यात मी तुमची देणेकरी आहे.

तुमचा रिव्ह्यू वाचला आणि फाइल काढून बसले. ३ सप्टेंबर २०२४ ला १,०९६ पाउंड आमच्याकडे जमा झाले, साताऱ्याहून, तुमच्या बाबांच्या खात्यातून. भाडं महिन्याला ९५०, म्हणजे आठवड्याला २१९ आणि काही पेन्स. त्याचे पाच आठवडे. कायद्याने याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, तेवढं आम्ही बरोबर केलं होतं. ९ सप्टेंबरला ती रक्कम आम्ही घरमालकांकडे वळती केली. शेरा आहे, 'स्कीममध्ये मालक भरतील'. त्याच्या पुढे सर्टिफिकेटचा नंबर लिहायचा रकाना आहे, तो कोरा. हा रकाना मीच करून घेतला होता, आणि तो कोरा राहिलाय हे वर्षभर मीच बघितलं नाही. मालकांना फोन केला. ते म्हणाले, त्याच आठवड्यात बॉयलर गेला, त्यात पैसे खर्च झाले. बॉयलर दुरुस्त करणं हा मालकाचा खर्च. तो तुमच्या बाबांच्या पैशातून झाला, हे कळल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

'घरमालकाशी बोला' हे आमच्या ऑफिसचं उत्तर साफ चुकीचं होतं. डिपॉझिटचे हे नियम २००४ च्या हाउसिंग अॅक्टमध्ये आहेत आणि इंग्लंडमध्ये ते ६ एप्रिल २००७ पासून लागू आहेत. त्यात घरमालक म्हणजे त्याच्या वतीने काम करणारा माणूससुद्धा. पैसे आमच्या हातात आले त्या दिवसापासून तीस दिवस मोजायचे. तेवढ्यात ते सरकारमान्य तीन स्कीमपैकी एकीत सुरक्षित व्हायला हवेत, आणि कुठल्या स्कीममध्ये आहेत, परत कसे मिळतील, वाद झाला तर काय करायचं, हे सगळं भाडेकरूला लेखी द्यायला हवं. तुमच्या बाबतीत ही मुदत २ ऑक्टोबर २०२४ ला संपली. आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते: डिपॉझिट दुसऱ्या कुणी भरलं असेल तर ते कागद त्यालाही द्यावे लागतात. म्हणजे साताऱ्याला तुमच्या बाबांनाही आम्ही ते पाठवायला हवे होते. पाठवले नाहीत.

आता ३४० पाउंडांबद्दल. १८० ओट्यावरच्या हळदीच्या डागासाठी, १६० गादीसाठी. डागाचा फोटो मी पाहिला. सिंकच्या डाव्या बाजूला, वाटीच्या बुडाएवढा पिवळा गोल. तो तुम्हीच पाडला असेलही, पण तुम्ही राहायला आलात त्या दिवशीची इन्व्हेंटरी, म्हणजे घरातल्या वस्तू आणि त्यांची अवस्था यांची नोंद, आमच्याकडे नाही, फोटोही नाहीत. आधी ओटा कसा होता ते दाखवता येत नसेल तर पैसे कापता येत नाहीत. स्कीमच्या वादनिवाड्यात पुरावा मालकाकडेच मागतात. गादीचं तर बोलायलाच नको. सहा वर्षं वापरलेली गादी बसते ती वापरानेच. डिपॉझिट हा भाडेकरूचा पैसा आहे, मालकाने सिद्ध केल्याशिवाय त्यातला एक पेनीही त्याचा होत नाही. ही कपात मी रद्द केली आहे.

मंगळवारी तुमच्या खात्यात ३४० पाउंड जमा झाले, आणि त्याशिवाय १,०९६ पाउंड, आमच्या ऑफिसच्या पैशातून. हा आकडा मी असा धरला: डिपॉझिट वेळेत सुरक्षित केलं नाही तर कोर्टाला डिपॉझिटच्या किमान एकपट आणि जास्तीत जास्त तिप्पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावावी लागते. तुम्ही तिप्पट म्हणता आहात. ती आपोआप मिळत नाही. चूक किती गंभीर होती, जाणूनबुजून केली की हयगयीने, हे न्यायाधीश बघतात. एकपट मात्र टळत नाही. म्हणून तेवढे मी कोर्टाची वाट न बघता दिले. त्याच्या बदल्यात कुठल्याही कागदावर तुमची सही घेतलेली नाही, आणि रिव्ह्यू काढा असंही मी म्हणणार नाही.

तुमचा हक्क अजून शाबूत आहे. कपातीचे पैसे परत मिळाले म्हणून दंडाचा दावा बुडत नाही. काउंटी कोर्टात जायला सहा वर्षांची मुदत असते. दावा मालकांवर करा, आमच्यावर करा, दोघांवर करा. गेलात तर फाइलमधला प्रत्येक कागद मी देईन, तो शेरा आणि कोऱ्या रकान्याचं पान धरून. आधी सिटिझन्स अॅडव्हाइस किंवा शेल्टर या सल्ला देणाऱ्या संस्थांना विचारा, तिथे सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. आमच्या वागण्याची तक्रार वेगळी करायची असेल तर आमच्या रिड्रेस स्कीमचा, म्हणजे एजंटांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेचा, पत्ता ऑफिसच्या दारावर लावलेला आहे, ईमेलनेही पाठवला आहे.

हे वाचणाऱ्या बाकी मुलांसाठी: तिन्ही स्कीमच्या वेबसाइटवर आपलं डिपॉझिट आहे का ते स्वतः तपासता येतं. पिनकोड, आडनाव, रक्कम आणि तारीख हाताशी ठेवा. एजंटच्या तोंडी 'हो, भरलंय' वर राहू नका, आमच्याही नाही. आणि मालक त्याच घरात राहत असेल, तुम्ही एका खोलीपुरते पैसे देत असाल, तर हे संरक्षण बहुधा लागू होत नाही. आपली किती तरी मुलं पहिल्या वर्षी अशीच राहतात. तिथे डिपॉझिट देताना पावती आणि परतीची अट लिहून घ्याच.

आमच्याकडे आता डिपॉझिट मालकाकडे जात नाही. ज्या दिवशी येतं त्याच दिवशी मी स्वतः ते स्कीमच्या ताब्यात भरते. जुन्या फाइली तपासल्या, तेव्हा आणखी दोघांचं असंच राहिल्याचं सापडलं. त्यांना मी आपणहून फोन केला आहे.

तुमच्या बाबांचा नंबर माझ्याकडे आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी फोन केलेला नाही. त्यांची माफी मला मागायची आहे. चालत असेल तर कळवा. आणि हे उत्तर तुमच्या रूममेटलाही दाखवा. करारावर दोघांची नावं आहेत, त्यामुळे कोर्टात जायचं ठरलं तर अर्जही दोघांच्या नावाने करावा लागेल.