अंगठा द्या, अंगठा!

फ्लॅटच्या नोंदणीसाठी सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात चार तास. टोकन नंबर 27. पंचविसावा उठला आणि आतून आवाज, "सर्व्हर डाऊन." किती वेळ? "सांगता येत नाही, चहा घेऊन या." अहो, सकाळपासून पाच झाले! ॲसिडिटीचं मुद्रांक शुल्क वेगळं भरू का?

सोबत सत्तरी ओलांडलेले विकणारे काका-काकू आणि दोन साक्षीदार. त्यातला एक मेहुणा, म्हणजे हे उपकार जन्मभर ऐकायचे.

साडेतीनला सर्व्हर उठला, तर मशीन काकांचा अंगठाच घेईना. पुसला, ओला केला, शर्टाला घासला. ऑपरेटर म्हणतो, "केसांतून फिरवा." काकांना केस नाहीत! शेवटी त्यांनी अंगठा माझ्या केसांतून फिरवला. भर कार्यालयात, दोनदा. दुसऱ्यांदा उमटला.

या काकांशी सौदा ठरला होता दहा मिनिटांत, पोह्यांच्या बशीवर. त्याला आज शंभर दिवस झाले. कर्ज देणाऱ्या बँकेला 1994 च्या पहिल्या कराराची नोंदणीची मूळ पावती हवी. करार आहे, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) आहे, नाही, पावतीच हवी! घराची किंमत ठरवणारा व्हॅल्युएशनवाला तीन मिनिटांत आला नि गेला, फोटो काढला तो संडासाचा. सोसायटीचे सेक्रेटरी एनओसी द्यायला तयार, फक्त ट्रान्सफर फीशिवाय वेगळी "स्वेच्छा देणगी" पाहिजे. म्हटलं, 25,000 च्या वर घेता येत नाही. म्हणाले, "म्हणून तर देणगी म्हटलं." स्वेच्छेचा आकडाही त्यांनीच छापून ठेवलेला. आणि पुण्यात 7 टक्के स्टॅम्प ड्युटी, त्यातला एक मेट्रोचा. आमच्या घरापासून मेट्रो गाठायला रिक्षाचे दीडशे होतात. बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला असता तर एक टक्का वाचला असता, हे ती रोज सांगते. मीच म्हणालो होतो, "दोघांचं नाव हवं."

असो. अंगठे झाले, फोटो झाले (सगळे फरार आरोपी दिसतोय). साहेबांनी दस्त आणि स्क्रीन जुळवली आणि थांबले. दस्तात माझ्या वडिलांचं नाव बरोबर, स्क्रीनवर वडिलांच्या जागी पुन्हा माझंच. म्हणजे मीच माझा बाप.

मी उसळलो. काय कारभार आहे, कोण गाढव करतं ही डेटा एन्ट्री?

साहेब शांतपणे म्हणाले, "पार्टीनेच ऑनलाइन भरलीय."

पार्टी म्हणजे मी. रात्री दीड वाजता, एजंटचे दोन हजार वाचवायला.

"दुरुस्त करून उद्या या." उद्या पुन्हा टोकन, पुन्हा काका, पुन्हा माझे केस. मेहुणा बाहेर पडताना एवढंच म्हणाला, "दाजी, उद्याची रजा माझ्या साहेबांकडे तुम्हीच मागा."