तीन सेकंद

शिक्षक व्हायला काय काय लागतं याची यादी प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हातात पडली. पाठ टाचणाची वही, निरीक्षणाची वही, तक्ते, रंगीत खडू. गप्प बसण्याचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता, आणि माझं घोडं नेमकं तिथेच पेंड खाणार होतं.

घरात मी बडबडी म्हणून प्रसिद्ध. त्यामुळे ‘ही जन्मजात शिक्षिका’ असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं. मलाही ते पटलं होतं. प्रमाणपत्र आज कपाटातल्या फायलीत आहे, त्यावर मी अध्यापनास पात्र असल्याचं ठळक छापलंय. मधल्या काळात काय झालं ते छापायला त्यावर जागा नाही.

सुरुवात झाली सूक्ष्म अध्यापनाने. ही पद्धत 1963 च्या सुमाराला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली. वर्ग छोटा, वेळ छोटा, कौशल्य एकच. आम्हाला शिकवलेला हिशोब असा: 6 मिनिटं शिकवा, 6 मिनिटं टीका ऐका, 12 मिनिटांत पाठ नव्याने आखा, 6 मिनिटं पुन्हा शिकवा, 6 मिनिटं पुन्हा ऐका. एकूण 36. म्हणजे बोलायला 12 आणि बोलणी खायला 12.

समोर विद्यार्थी म्हणून बसायचे आपलेच सहाध्यायी. मिशा असलेला माणूस ‘बाई, यानं माझं पेन घेतलं’ म्हणून तक्रार करतो, तेव्हा कोणता चेहरा करायचा हे कुठल्याच कौशल्यात येत नाही. शिवाय आमचा एक अलिखित करार होता: तू माझ्या पाठात अवघड विचारू नकोस, मी तुझ्या पाठात विचारणार नाही. प्रबलन कौशल्याच्या, म्हणजे शाबासकी देऊन मुलांना बोलतं करण्याच्या, दिवशी मी इतकी रंगात आले होते, की ‘जरा खिडकी लावता का?’ म्हणणारीलाही ‘शाब्बास!’ म्हणाले. दहापैकी नऊ मिळाले. आत्मविश्वास असा वाढला, की मीच त्याला थोडी बिचकून असायचे.

मग खरा वर्ग. पहिल्याच मिनिटाला ‘बाई!’ अशी हाक आली आणि मी मागे वळून पाहिलं, कोण बाई आल्या म्हणून.

पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, दोन रकाने असतात, एक अध्यापकाच्या कृतीचा आणि एक विद्यार्थ्यांच्या. दुसऱ्या रकान्यात विद्यार्थी काय उत्तर देणार तेही आपणच आदल्या रात्री लिहून ठेवायचं. (टाचण ज्या पायऱ्यांनी लिहायचं त्यांचं मूळ हर्बार्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाकडे जातं. त्याने चारच सांगितल्या होत्या, शिष्यांनी त्यांच्या पाच केल्या. रात्री एक वाजता पाचवी पायरी लिहिताना मला त्या शिष्यांची फार आठवण यायची.) माझ्या रकान्यातली मुलं विलक्षण हुशार होती, पूर्ण वाक्यात बोलायची. वर्गातल्या मुलांची एकच अडचण होती. त्यांनी टाचण वाचलेलं नव्हतं.

मी विचारलं, “वनस्पतींना सूर्यप्रकाश कशासाठी लागतो?”

शांतता. चाळीस जोड्या डोळे. पंख्याची एक पाती दुसरीपेक्षा जरा जास्त आवाज करते, हे मला त्या वर्गात त्या दिवशी कळलं. तो आवाज एकदा झाला, दुसऱ्यांदा व्हायच्या आत मी म्हणाले, “बरोबर! अन्न तयार करण्यासाठी!” कोण बरोबर होतं, देव जाणे. पुढचा प्रश्न, पुढची शांतता, पुढचं उत्तर. 35 मिनिटांची तासिका मी सतराव्या मिनिटाला संपवली. उरलेल्या 18 मिनिटांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शक सरांनी निरीक्षण वहीत शेरा दिला: ‘प्रश्न उत्तम. उत्तरेही उत्तम. दोन्ही आपलीच.’

नंतर त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, हा काही तुमचा एकटीचा आजार नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून मोजून पाहिलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं निघालं. 1970 च्या दशकातलं हे काम. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली, आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. “आणि बरं का,” सर म्हणाले, “मुलाने उत्तर दिल्यावरही तितकंच थांबायचं. लगेच शाब्बास म्हणायचं नाही.”

तीन सेकंद! मला हसूच आलं. ज्याने आयुष्यात कधी फळ्याकडे पाठ करून उभं राहून तीन सेकंद काढलेले नाहीत, त्यालाच ते थोडे वाटतील.

सराव घरी सुरू केला. “रात्रभर दिवा कोणी चालू ठेवला?” असं विचारलं आणि ओठ मिटून मोजत उभी राहिले. मी गप्प आहे म्हणजे प्रकरण गंभीर, असं घरच्यांनी धरलं. तिसऱ्या सेकंदाला दोघांनी गुन्हा कबूल केला. त्यातला एक त्या रात्री घरातच नव्हता.

वर्गात मात्र माझे सेकंद आखडायचे. मैत्रिणीने मागे बसून घड्याळ लावलं, तर माझे तीन म्हणजे तिचा सव्वा. मग ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मनात म्हणायची युक्ती काढली. एकदा तोंडातून ‘एक हजार दोन’ मोठ्याने निसटलं. पहिल्या बाकावरच्या मुलाने तेच उत्तर समजून वहीत उतरवलं आणि खाली रेघ मारली. पण त्याच आठवड्यात एक मुलगी, जिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, अडीचाव्या सेकंदाला काहीतरी बोलली. उत्तर चुकीचं होतं. मला इतका आनंद झाला, की ते चूक आहे हे सांगायचंच राहून गेलं.

अंतिम पाठाला बाहेरून परीक्षक आले. चष्मा, पाठीमागे बांधलेले हात, चेहऱ्यावर आजवर ऐकलेल्या सगळ्या पाठांचा थकवा. माझा घटक होता संघनन. टेबलावर बर्फाच्या पाण्याने भरलेला काचेचा ग्लास. टेबलाखाली लाल शाईची बाटली: ‘पाणी आतून झिरपतं’ असं कोणी म्हणालंच, तर आत शाई ओतायची आणि बाहेरचे थेंब बिनरंगीच राहतात हे दाखवायचं. ग्लासला घाम फुटायला लागला. मलाही फुटला होता, फरक इतकाच, की माझं पाणी नक्की आतूनच येत होतं.

“ग्लासच्या बाहेरच्या बाजूला हे पाणी कुठून आलं?”

एक हजार एक. कोणी हललं नाही. एक हजार दोन. खुर्ची करकरली. एक हजार तीन. मी थांबले, आणि थांबलेच. चार झाले, पाच झाले. इतकी शांतता मी स्वतःच्या हाताने कधी केली नव्हती.

“हवेतलं बाष्प!” मागून आवाज आला. भारदस्त. सगळ्या माना मागे वळल्या. परीक्षकांना राहवलं नव्हतं.

आणि माझ्या तोंडून, मला न विचारता, महिनाभराच्या सवयीने शब्द गेले: “हात वर करून सांगायचं.”

माझं प्रमाणपत्र मला डोळ्यांसमोर दूर जाताना दिसलं. मार्गदर्शक सर खिडकीबाहेर काहीतरी अत्यंत महत्त्वाचं असल्यासारखे पाहू लागले. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. सावकाश हात वर केला.

“हं, सांगा,” मी म्हणाले. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

ते उभे राहिले. “हवेत बाष्प असतं. ते गार काचेला लागलं की त्याचं पाणी होतं.”

‘शाब्बास’ जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं, ते गिळलं. उत्तरानंतरही थांबायचं असतं. तेवढ्यात अडीच सेकंदवाल्या मुलीने मान मागे वळवून परीक्षकांना विचारलं, “कशावरून?”

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाखालच्या बाटलीकडे अजिबात पाहिलं नाही. हात मागे बांधले, ओठ मिटले.

एक हजार एक.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

एक हजार दोन.